पळत्या कुत्र्याचा फोटो: फोकस हाताने, लेन्स जुनी

कुत्रा वीस मीटरवर उभा आहे. तुम्ही हाक मारता आणि तो कान मागे टाकून सुटतो. मध्यम आकाराचं धडधाकट कुत्रं मोकळ्या मैदानावर सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटरच्या आसपास सहज पळतं. वीस मीटरवरून दहा मीटरवर यायला त्याला १ सेकंद लागतो. तेवढ्या वेळात फोकस रिंग (लेन्सवरचं फोकस लावायचं कडं) जितकी फिरते, तितकीच ती पुन्हा दहा मीटरपासून ६.७ मीटरपर्यंत फिरवावी लागते आणि या वेळी हाताशी असतो सेकंदाचा तिसरा हिस्सा. तिथून पाच मीटरपर्यंत परत तितकीच रिंग, आणि वेळ सेकंदाचा फक्त सहावा हिस्सा.

हे गणित मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे कित्येक महिने वाचले असते. मी रिंग कुत्र्यामागे पळवत होते. कुत्रा लांब असताना हात बरोबर चालायचा, आणि जिथे फोटो खरा रंगतो, म्हणजे तो जवळ येऊन डोळे, जीभ, उडालेली माती सगळं दिसायला लागतं, तिथे नेमका हात मागे पडायचा. दोष हाताचा नव्हता. अंतर निम्मं झालं की रिंग चौपट वेगाने फिरवावी लागते. शेवटच्या काही मीटरमध्ये हा वेग कुणाच्याच मनगटाला झेपत नाही.

म्हणून या लेखातली प्रत्येक पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: फोकस आधी एका जागी लावून ठेवायचा आणि कुत्र्याला त्या जागी येऊ द्यायचं.

लेन्स कोणती घ्यावी

सुरुवातीला ८५ ते १३५ मिमीची लेन्स बरी. कुत्र्यापासून पाच ते आठ मीटर दूर राहता येतं, तो तुमच्या अंगावर येत नाही आणि मागचा पसारा धूसर होतो. जुन्या १३५ मिमी लेन्स पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या एफ/२.८ किंवा एफ/३.५ च्या लेन्स या कामाला पुरेशा आहेत (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). एफ/१.४ च्या मागे लागण्याची गरज नाही, कारण पळत्या कुत्र्यासाठी ती इतकी उघडायची वेळ क्वचितच येते.

विकत घेण्याआधी रिंग हातात फिरवून बघा. आतलं ग्रीस जुनं होऊन घट्ट झालं असेल तर रिंग अडकत अडकत फिरते, आणि थंडीत आणखीच जड होते. उलट रिंग फार सैल असेल तर लावलेला फोकस नुसत्या धक्क्याने सरकतो. मॅक्रो लेन्स या कामासाठी टाळाच. तिच्या रिंगचा बहुतेक फेर अगदी जवळच्या अंतरांवरच खर्च होतो. फुलावरच्या मुंगीसाठी ते वरदान आहे, पण इथे तेच आड येतं.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निकॉनच्या लेन्सची रिंग ज्या दिशेने फिरवल्यावर फोकस जवळ येतो, कॅननच्या लेन्समध्ये त्याच दिशेने तो दूर जातो. दोन्ही प्रकारच्या लेन्स आलटून पालटून वापरल्या तर हाताला वळण कधीच पडत नाही. एक दिशा निवडा आणि निदान वर्षभर त्याच घराण्याच्या लेन्स वापरा.

अडॅप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारं कडं) लावून जुनी लेन्स मिररलेस कॅमेऱ्यावर बसवली असेल तर लेन्सवरच्या अंतराच्या आकड्यांवर विसंबू नका. बरेच अडॅप्टर किंचित पातळ बनवलेले असतात. त्यामुळे रिंग अनंतच्या खुणेपर्यंत पोचण्याआधीच लेन्स अनंतावर फोकस होते आणि बाकीचे आकडेही तेवढे सरकतात. अंतर आकड्यावरून न लावता प्रत्यक्ष वस्तूवर लावायचं.

कॅमेऱ्यात काय बदलायचं

अडॅप्टरमुळे कॅमेऱ्याला लेन्स ओळखू येत नाही, म्हणून काही कॅमेरे शटरच सोडत नाहीत. मेनूत ‘लेन्सशिवाय शटर’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो चालू करा. कॅमेऱ्यात स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) असेल तर लेन्सचं फोकल लेंग्थ, म्हणजे तिचा मिमीचा आकडा, हाताने भरा. १३५ ची लेन्स असताना तिथे ५० राहून गेलं तर स्थिरीकरणाचा हिशोब चुकतो आणि फोटो हललेले येतात.

मोड मॅन्युअल. शटर १/१००० ते १/२००० सेकंद. दहा मीटर वेगाने पळणारं कुत्रं १/१००० सेकंदात १ सेंटिमीटर पुढे जातं आणि पंजे त्याहून वेगात असतात. म्हणून ऊन असेल तर मी १/२००० च ठेवते. अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत सोडणारं तोंड) सुरुवातीला एफ/५.६. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा. कुत्रं पूर्ण काळं असेल तर कॅमेरा त्याला करडं करू बघतो, तेव्हा एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा. पांढऱ्या कुत्र्यासाठी तितकंच वर.

शटर मेकॅनिकल ठेवा. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर चित्र वरून खाली ओळी-ओळीने वाचतो. तेवढ्यात पाय पुढे गेलेला असतो आणि फोटोत तो रबरासारखा वाकडा दिसतो. व्ह्यूफाइंडरचा रिफ्रेश वेग जास्तीत जास्त करा. फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगाने चमकवणारी सोय) चालू असू द्या, रंग लाल. हिरवळीवर हिरवा किंवा पिवळा रंग दिसतच नाही. पण पीकिंगची चमक हा पुरावा मानू नका. एफ/५.६ वर ती जवळपास सगळ्या कुत्र्यावर चमकते. ती अंदाजासाठी ठीक आहे. फोकसची खात्री मॅग्निफाय करूनच, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधलं चित्र मोठं करून बघूनच होते.

काही कॅमेऱ्यांत खास मदत मिळते. पेंटॅक्सच्या डीएसएलआरमध्ये ‘कॅच-इन फोकस’ आहे: बटण दाबून ठेवायचं, विषय फोकसच्या जागी आला की शटर आपोआप सुटतं. निकॉनच्या झेड एफमध्ये मॅन्युअल फोकस करतानाही कॅमेरा प्राण्याचा डोळा ओळखून तिथे चौकट दाखवतो. असेल तर जरूर वापरा, पण पुढची पद्धत याच्याशिवायही चालते.

दोन खुणांची पद्धत

ही पद्धत आधी पक्की करा. कुत्रा सरळ तुमच्याकडे पळत येतो तेव्हाची ही पद्धत आहे, आणि सगळ्यात अवघड प्रसंग तोच असतो.

सोबत दोन माणसं घ्या. एक जण कुत्र्याला वीस-पंचवीस मीटरवर धरून बसेल. दुसरा, शक्यतो ज्याच्यावर कुत्र्याचा सगळ्यात जास्त जीव आहे तो, तुमच्या खांद्यामागे उभा राहून हाक मारेल. हाक मारणारा बाजूला उभा राहिला तर कुत्रा तिरका जातो आणि सगळी मांडणी फुकट जाते.

आता पोटावर आडवे व्हा. कोपरं जमिनीला, कॅमेरा कुत्र्याच्या छातीच्या उंचीवर. याला कारण दिसण्यापलीकडचं आहे. तुम्ही उभं राहून कॅमेरा खाली वळवला तर फोकसची पातळीही तिरकी होते. पाच मीटरवर जमिनीवरच्या खुणेवर फोकस लावला, तर त्याच खुणेच्या बरोबर वर असलेलं कुत्र्याचं डोकं फोकसपासून दहा-पंधरा सेंटिमीटर पुढे पडतं. आडवं झाल्यावर हा फरक जवळजवळ संपतो.

पाच मीटरवर, कुत्र्याच्या वाटेपासून हातभर बाजूला, पाण्याची बाटली ठेवा. लेबल तुमच्याकडे करा. लेबलवरची बारीक अक्षरं मॅग्निफाय करून फोकस लावायला उत्तम असतात. ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा आहे त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस लावा, कारण काही जुन्या लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर बंद केल्यावर किंचित सरकतो. मग रिंगवर चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ती लेन्सच्या नळीला जखडून टाका. आता रिंगला हात लावायचा नाही. ही पहिली खूण.

दुसरी खूण त्याच्या मागे २ मीटरवर, म्हणजे तुमच्यापासून सातव्या मीटरवर ठेवा. एखादं फडकं चालेल, फक्त आडवं पडल्यावर तुम्हाला ते दिसायला हवं. डोळ्याने बघून बोट दाबेपर्यंत माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो, आणि तेवढ्यात हे कुत्रं २ मीटर पुढे येतं. कुत्र्याचं डोकं बाटलीपाशी आलेलं दिसल्यावर दाबलंत तर फोटो तीन मीटरवरचा निघेल. म्हणून फडक्यापाशी डोकं दिसलं की दाबायचं. फोटो बाटलीपाशी निघतो.

नुसता बर्स्ट (बटण दाबून ठेवून सलग फ्रेम) सोडून का भागत नाही, असं कुणालाही वाटेल. फुल फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स, एफ/२.८, अंतर पाच मीटर असेल तर फोकसची खोली, म्हणजे जेवढ्या अंतरात सगळं शार्प दिसतं तो पट्टा, साधारण ५८ सेंटिमीटर मिळते. सेकंदाला दहा फ्रेम काढणारा कॅमेरा दोन फ्रेमच्या मध्ये कुत्र्याला १ मीटर पुढे जाऊ देतो. म्हणजे एक फ्रेम फोकसच्या पलीकडे, पुढची फ्रेम अलीकडे आणि मधली जागा कोरडी, असं सर्रास होतं. एफ/५.६ वर खोली दुप्पट, म्हणजे १ मीटर १५ सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि मग निदान एक फ्रेम तरी आत सापडते. सुरुवातीला एफ/५.६ सांगितलं ते यासाठी. बर्स्ट जरूर वापरा, पण फडक्यापासून पुढे तीन-चार फ्रेमपुरताच. आणि हे खोलीचे आकडे साध्या आकाराच्या प्रिंटच्या हिशोबाने काढलेले आहेत. जास्त मेगापिक्सेलचा फोटो स्क्रीनवर पूर्ण मोठा करून बघाल तर खरी शार्प पट्टी याच्या निम्मीच वाटेल.

गवत खरं बोलतं

पहिली धाव झाली की फोटो उघडा आणि आधी कुत्र्याकडे बघू नका. खाली गवताकडे बघा. आडवं पडून काढलेल्या फोटोत गवताची एक आडवी पट्टी लख्ख शार्प दिसते, तिच्या पुढचं आणि मागचं गवत विरघळलेलं असतं. फोकस कुठे होता ते ही पट्टी दाखवते.

पट्टी कुत्र्याच्या मागे असेल तर कुत्रा फोकस ओलांडून पुढे आला होता, म्हणजे तुम्ही उशिरा दाबलं. फडकं अर्धा मीटर आणखी दूर सरकवा. पट्टी कुत्र्याच्या पुढे, तुमच्या बाजूला असेल तर घाई झाली. फडकं अर्धा मीटर जवळ आणा. रिंगला हात नाही, बाटलीला हात नाही, हलवायचं ते फक्त फडकं. दोन-तीन धावांत तुमच्या बोटाचा, तुमच्या कॅमेऱ्याचा आणि त्या एका कुत्र्याचा हिशोब जुळतो. दुसऱ्या कुत्र्याला तो लागू पडत नाही. ग्रेहाउंडसारखं कुत्रं ताशी साठच्या पुढे जातं. त्याच्यासाठी फडकं साडेतीन मीटर मागे लागेल.

पट्टी बरोबर कुत्र्याच्या पुढच्या पंजांखाली आहे आणि तरीही डोळे मऊ दिसतात, असं झालं तर शटरचा वेग वाढवा. हललेला फोटो आणि फोकस चुकलेला फोटो लगेच ओळखता येतात: हललेल्यात मिशांना एका दिशेने दुहेरी कड येते, फोकस चुकलेल्यात त्या सगळीकडून सारख्याच फुगतात.

माझा वाघ्या सरळ धावताना डोकं खूप वरखाली करतो. मागचे पाय पोटाखाली येतात तेव्हा पाठीची कमान होते आणि तोंड खाली जातं. पुढच्या क्षणी पुढचे पाय लांबवर फेकले जातात, मान उचलली जाते आणि दोन्ही डोळे समोर येतात. फोटो त्या दुसऱ्या क्षणाचा चांगला. हा ताल डोळ्यांत मुरवायला कॅमेरा बाजूला ठेवून नुसत्या चार-पाच धावा बघा.

आडवा पळणारा कुत्रा

कुत्रा तुमच्या समोरून डावीकडून उजवीकडे जात असेल तर काम निम्म्याहून सोपं होतं. तुमच्यापासून ८ मीटरवरच्या रेषेत तो पळतोय असं धरा. रेषेवरच्या सगळ्यात जवळच्या जागेपासून तो २ मीटर अलीकडे किंवा पलीकडे असला तरी त्याचं तुमच्यापासूनचं अंतर फक्त २५ सेंटिमीटरने वाढतं. १३५ मिमी लेन्सवर एफ/४ ला आठ मीटरवर खोली ८४ सेंटिमीटरच्या आसपास मिळते. म्हणजे एकदा फोकस लावून ठेवला की चार मीटरची पूर्ण धाव त्यात बसते. नवख्याने पहिल्या दिवशी हेच करावं. हाताशी चांगले फोटो आले की हुरूप टिकतो.

पॅनिंगही, म्हणजे कॅमेरा कुत्र्याबरोबर वळवत फोटो काढणंही, इथेच शिकावं. शटर १/१२५, जमत गेलं की १/६०. पाय घट्ट, कंबरेतून वळायचं आणि कुत्र्याचा डोळा चौकटीत एकाच जागी धरून ठेवायचा. बटण दाबल्यावर थांबू नका, कुत्र्याबरोबर वळत राहा. शटर सुटतानाच वळणं थांबलं तर फोटो तिथेच फसतो. कॅमेऱ्याचं स्थिरीकरण या वेळी बंद ठेवलेलं बरं.

टप्प्यांची पद्धत

सरळ धावेत एकाहून जास्त फोटो हवे असतील तर रिंग सलग न फिरवता टप्प्यांवर उडी मारायची. बारा, आठ आणि पाच मीटरवर खुणा ठेवा. प्रत्येकीवर फोकस लावून रिंगवर पांढऱ्या पट्टीवर पेनाने रेघ काढा. मग रिंगवर, अंगठ्याला लागेल अशा जागी, कापडी टेपची छोटी गुंडाळी चिकटवा. तीन टप्प्यांवर अंगठा कुठे असतो ते हाताला लक्षात राहतं, बघावं लागत नाही.

बाराला काढला की रिंग लगेच आठवर न्यायची आणि तिथे थांबायचं. कुत्रा येतो, शटर, लगेच पाच. हात कुत्र्याच्या पुढे पोचून वाट बघत असला पाहिजे. याला सराव लागतो आणि तो घरी होतो: खोलीतल्या तीन वस्तू ठरवा, डोळा व्ह्यूफाइंडरला लावून न बघता रिंग त्या तीन जागी नेत राहा. रोज दहा मिनिटं. मग ओळखीच्या सायकलवाल्याला तुमच्या दिशेने येऊ द्या. सायकल एका वेगाने येते, तिला डोकं वरखाली करायची सवय नाही, आणि ती दमत नाही.

झेप, आणि अगदी जवळचा खेळ

उडीचा फोटो धावेपेक्षा सोपा आहे, कारण जागा आधीच ठरलेली असते. आडव्या ओंडक्यावरून कुत्रा उडी मारणार असेल तर फोकस ओंडक्याच्या सालीवर लावा. झेपेच्या सर्वोच्च जागी वर जाणं थांबलेलं असतं आणि खाली येणं सुरू झालेलं नसतं. तो क्षण बोटाला सापडायला सोपा जातो. बाजूने काढा. तोंड ओंडक्याच्या पुढे गेलेलं असलं तरी अंतर तेच राहतं.

कुत्रं तुमच्या भोवतीच उड्या मारत असेल तर वरचं काहीच चालत नाही. तिथे २८ मिमी लेन्स, एफ/८, फोकस २ मीटरवर. फुल फ्रेमवर साधारण सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं फोकसमध्ये राहतं. कडक उन्हात आयएसओ ४०० वर १/१६०० सेकंद मिळतो. रिंग विसरा आणि चौकटीकडे लक्ष द्या. पिल्लांचे फोटो मी जवळजवळ असेच काढते. सेन्सर एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) असेल तर १८ मिमी लेन्स घ्या.

कुत्र्याची काळजी

जिवापेक्षा फोटो मोठा नाही. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावरच पळवा. तळहाताची मागची बाजू जमिनीवर पाच-सात सेकंद टेकवता येत नसेल तर ती जमीन त्याच्या पंजांनाही भाजते. पग, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उष्णता लवकर बाधते, त्यांच्याकडून दोन-तीन छोट्या धावांपेक्षा जास्त घेऊ नका. काठी फेकू नका. ती जमिनीत रोवली जाते, कुत्रं तोंड उघडून तिच्यावर जातं आणि घशाला इजा होते. चेंडू घ्या, तोही गिळता येणार नाही एवढा मोठा. वाढीच्या वयातल्या पिल्लाला उंच उड्या मारायला लावू नका. खुणेसाठी टोकदार काही रोवू नका, म्हणून तर बाटली आणि फडकं. रस्ता जवळ असेल तर जागाच बदला.

धडधाकट कुत्र्यालाही मी सहा-सात धावांवर थांबवते. जीभ लांब, रुंद होऊन बाजूला लोंबू लागली, तो हाकेला मान वळवतो पण उठत नाही, असं दिसलं की त्याआधीच थांबायला हवं होतं असं समजा. सावलीत पाणी द्या. त्याच्या बाजूला आडवे व्हा, रिंगवरची चिकटपट्टी काढा आणि अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा. ८५ मिमी लेन्स, एफ/१.८, तीन मीटरवर फोकसची खोली उरते १३ सेंटिमीटर: नाक घेतलं तर डोळा निसटतो. डोळा मॅग्निफाय करा आणि त्यात आभाळाची पांढरी खिडकी दिसेपर्यंत रिंग सावकाश फिरवा. आता तो कुठेही पळणार नाही.